मोहालीचा युनिकॉर्न : जुने संगणक पुन्हा सुरू करण्याविषयी

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर पंतप्रधानांना सादर करण्यात आला. उपग्रह प्रक्षेपकांसाठी विक्रम साराभाई अवकाश केंद्राने आखलेला हा प्रोसेसर पंजाबातील मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, म्हणजे ‘एससीएल’मध्ये, घडवला गेला. देशभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी ठळकपणे छापली आणि ते योग्यच झाले. मात्र याच मोहालीतून चाळीसेक वर्षांपूर्वी टेबलावर ठेवण्याचा एक संपूर्ण संगणक तयार होऊन बाहेर पडत होता, याचा उल्लेख त्या दिवसांत माझ्या वाचनात कोठेही आला नाही. त्या संगणकाचे नाव होते ‘एससीएल युनिकॉर्न’. युनिकॉर्न म्हणजे युरोपीय दंतकथांतील एकशिंगी अश्व, ज्याचे वर्णन सर्वांना ठाऊक असते पण ज्याला पाहिलेला माणूस भेटत नाही. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हा अर्थ नसणार. पण काळाने तो खरा करत आणला आहे.

युनिकॉर्न हा मुळात ‘बीबीसी मायक्रो’ या ब्रिटिश संगणकाचा भारतीय अवतार. १९८१ च्या अखेरीस केंब्रिजच्या अकॉर्न कंपनीने तो बाजारात आणला आणि पुढच्याच महिन्यात बीबीसीच्या दूरदर्शन वाहिनीवर संगणक-साक्षरतेची मालिका सुरू झाली. राष्ट्रीय प्रसारणसंस्थेने आपले नाव एका संगणकाला द्यावे, घराघरांत त्याचे धडे द्यावेत आणि शाळाशाळांतून तो पोहोचावा, असा तो उपक्रम होता. यंत्राची अंगकाठी आजच्या विद्यार्थ्याला विनोदी वाटेल. ६५०२ हा ८ बिटांचा प्रोसेसर, गती २ मेगाहर्ट्झ, आणि ‘मॉडेल बी’ या प्रचलित आवृत्तीत स्मृती ३२ किलोबाइट. त्यातही सर्वांत तपशीलवार चित्रपद्धती निवडली, तर पडद्यावरचे चित्रच २० किलोबाइट खाऊन टाकी आणि कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या वाट्याला दहा-बारा किलोबाइटांचाही संसार उरत नसे. उलट केवळ अक्षरे दाखवणाऱ्या सातव्या पद्धतीला एकच किलोबाइट पुरे. त्या यंत्रावर शिकलेल्या मुलाला स्मृती ही जपून खर्च करण्याची गोष्ट आहे, हे कोणी वेगळे सांगावे लागत नसे.

१९८४ साली भारतात नवे संगणक-धोरण जाहीर झाले आणि त्याच सुमारास इलेक्ट्रॉनिक्स विभाग, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांनी मिळून ‘क्लास’ हा प्रकल्प हाती घेतला. शालेय संगणक-साक्षरता आणि अध्ययन असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा आशय. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळा निवडल्या गेल्या आणि यंत्र म्हणून बीबीसी मायक्रो ठरला. सरकारी दस्तऐवजांत अशी एकूण १२,००० यंत्रे राज्य सरकारांमार्फत शाळांना वाटल्याची नोंद आहे. मोहालीच्या युनिकॉर्नची पार्श्वभूमी हीच. होप कॉम्प्युटर्स या भारतीय कंपनीनेही त्याच घराण्याचा ‘डॉल्फिन’ नावाचा संगणक काढला होता. त्याच्या वरच्या ओळीतील कळा निळ्या असत, एवढ्यावरून जाणकार तो आजही ओळखतात.

प्रकल्पाचे मूल्यमापन त्या काळीच झाले आणि टीकाही झाली. बरेचसे शैक्षणिक कार्यक्रम ब्रिटनमधून आलेले आणि इंग्रजीत. प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारा वेळ थोडा. बिघडलेले यंत्र दुरुस्त कोण करणार हा प्रश्न कायमचा. ही टीका मला रास्त वाटते. पण ती वाचताना एक अडचण जाणवते. हे सारे आपण अहवालांतून वाचतो. अहवाल लिहिणाऱ्याला काय दिसले ते कळते. शाळेतल्या मुलाला पडद्यावर काय दिसले, एक कळ दाबल्यावर यंत्राने किती वेळाने उत्तर दिले, ओळ चुकली की कोणता संदेश उमटला, हे त्यातून कळत नाही. ताम्रपट शतकानुशतके मातीत पडून राहिला तरी त्यावरची अक्षरे राहतात. संगणकाचे तसे नाही. त्यातला मजकूर वीज वाहत असतानाच अस्तित्वात येतो. बंद संगणक संग्रहालयाच्या काचेआड ठेवला, तर आपण जतन केले ते फक्त प्लास्टिकचे कवच.

याचा सर्वांत लाजिरवाणा दाखला याच बीबीसी घराण्यातला आहे. १०८६ साली इंग्लंडच्या विल्यम राजाने आपल्या राज्यातील जमीन, जनावरे आणि मालकी यांची जी मोजणी करवली, तिच्या चर्मपत्रावरील नोंदवहीला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. तिला ९०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९८६ मध्ये, बीबीसीने नवी डूम्सडे मोजणी केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले, आपापल्या गावाची वर्णने आणि छायाचित्रे पाठवली. ती बारा इंची लेझर-तबकड्यांवर साठवली आणि वाचण्यासाठी ‘बीबीसी मास्टर’ हा संगणक व खास बनवलेला तबकडी-वाचक जोडला गेला. पुढे ना तसे वाचक बनले, ना तसे संगणक. जेमतेम पंधरा वर्षांत अशी अवस्था आली की १०८६ चे चर्मपत्र अभिलेखागारात कोणालाही वाचता येत होते आणि १९८६ ची तबकडी जवळपास कोणालाच नाही. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ प्रकल्पाने ती माहिती सोडवली. कशी? शिल्लक राहिलेली मूळ यंत्रे पुन्हा चालती करून त्यांतून तबकड्यांतील माहिती बाहेर काढली, आणि मग त्या यंत्राचे वागणे हुबेहूब नकलणारा कार्यक्रम, म्हणजे इम्युलेटर, आधुनिक संगणकासाठी लिहिला.

अनेकांना वाटते की इम्युलेटर आला म्हणजे जुन्या यंत्राचे काम संपले. बीबीसी मायक्रो तर आज ब्राउझरच्या एका खिडकीतही चालतो. विद्यार्थ्यांनी तो जरूर चालवून पाहावा, फुकट आहे. पण नक्कल बरोबर आहे की नाही हे ताडून पाहायला अस्सल लागतेच. ६५०२ ला अधिकृत पुस्तिकेत नसलेल्या आज्ञाही पाळता येतात आणि त्या काळच्या काही कार्यक्रमांनी त्यांचा वापर केलेला आहे. अशा ठिकाणी छापील पुस्तिका मौन धरते. खरे यंत्रच साक्ष देते.

मग ही साक्ष मिळवायची कशी? येथे इतिहासाचे काम सोल्डरिंगच्या टेबलावर जाऊन बसते, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत रसाळ भाग हाच आहे.

माळ्यावर सापडलेला जुना संगणक पाहिला की हात आपोआप प्लगकडे जातो. तो आवरला पाहिजे. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात थेट मुख्य वीजवाहिनीवर बसवलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. यंत्रातला विद्युत-गोंगाट बाहेर जाऊ नये एवढेच त्यांचे काम. त्यांच्या आत धातूचा मुलामा दिलेला कागद आणि बाहेर पारदर्शक कवच. वर्षानुवर्षांत कवचाला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते, कागद ओलावा धरतो. तीस-चाळीस वर्षांनी वीज दिली की पहिली काही मिनिटे सारे सुरळीत भासते. मग फाट्‌कन आवाज होऊन खोली दाट, उग्र वासाच्या धुराने भरते. गंमत अशी की यंत्र बहुधा त्यानंतरही चालूच राहते, कारण त्या कपॅसिटरांवाचून त्याचे अडत नाही. पण धूर पाहून घाबरलेला मालक ते जळाले असे समजून भंगारात देतो. थोडक्या रुपयांच्या दोन भागांपायी चांगली यंत्रे अशी गेली आहेत. कोकणात, गोव्यात, केरळात किंवा बंगालात, जेथे हवेत बाराही महिने ओल असते, तेथे तर हे कपॅसिटर बदलल्याशिवाय वीज देऊच नये. बदलल्यावरही पहिल्या वेळी आपल्याकडचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर वापरत आले तो सिरीज दिवा लावावा. यंत्राच्या आधी एक जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा जोडायचा. आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते.

त्यानंतर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासायचे. त्यांतले द्रव वाळलेले असते. त्यानंतर चिपा. त्या काळी बऱ्याच चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या असत आणि त्यांच्या पायांवर गंज चढतो. प्रत्येक चिप हलकेच उचलून पुन्हा बसवली, एवढ्यानेही अनेक मेलेले संगणक बोलू लागतात. चित्र घडवणारी एक चिप इतकी तापते की बरेच जण तिच्यावर उष्णता पसरवणारी धातूची पट्टी बसवतात. सर्व जमून आले की आधी एक जाड आणि लगेच एक बारीक असा दुहेरी स्वर उमटतो आणि काळ्या पडद्यावर संगणकाचे नाव व स्मृतीचा आकडा दिसतो. कार्यप्रणाली चढण्याची वाट पाहणे नाही. कळ दाबल्यापासून क्षणार्धात यंत्र आज्ञेसाठी तयार! आजच्या कित्येक संगणकांना हे जमत नाही, हे कबूल करावे लागते.

यंत्र जागे झाले तरी त्याला द्यायचे काय? कार्यक्रम त्या काळी साध्या ध्वनिफितीवर साठवत. शून्यासाठी १२०० हर्ट्झचे एक आवर्तन, एकासाठी २४०० हर्ट्झची दोन आवर्तने. सेकंदाला १२०० बिट. सोळा किलोबाइटांचा कार्यक्रम चढायला अडीच मिनिटांच्या आसपास वेळ लागे. ही फीत आज नव्या संगणकाच्या ध्वनिमार्गातून मुद्रित करून आवर्तने मोजली, की मूळ कार्यक्रम अक्षर न् अक्षर परत मिळू शकतो. गाण्याच्या कॅसेटींच्या गठ्ठ्यात एखादी ‘नुसतीच किर्र वाजणारी’ कॅसेट सापडली तर ती पुसू नये ती यासाठी. फ्लॉपीची गोष्ट अवघड. आपल्या पावसाळ्यात तिच्या चकतीवर बुरशी धरते. तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर ती चकती खरवडली जातेच, शिवाय वाचणाऱ्या डोक्याला चिकटलेली घाण पुढच्या फ्लॉपीलाही ओरखडते. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छता, मग एकदाच वाचन. आणि ते वाचनही शक्यतो चुंबकीय बदलांची थेट नोंद घेणाऱ्या नव्या उपकरणांनी करावे, म्हणजे न समजलेला भागही पुढच्या अभ्यासकासाठी जसाच्या तसा राहतो.

येथवरची गोष्ट बीबीसी मायक्रोची, म्हणजे एका अर्थी उसनवारीची. तो हरवला तरी ब्रिटनमध्ये त्याची शेकडो चालती यंत्रे आहेत, संग्रहालये आहेत. भारतापुरती चिंता खरी वाढते ती पुढच्या पिढीपाशी, आयबीएम पद्धतीच्या २८६ आणि ३८६ संगणकांपाशी, कारण त्यांच्यात आपल्या लिप्या आहेत.

१९८३ मध्ये दिल्लीत तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा आयआयटी कानपूरने घडवलेला देवनागरी संगणक तेथे दाखवला गेला. त्या कामातून ‘जिस्ट’ तंत्रज्ञान उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनी ते तेथे वाढवले आणि जिस्ट कार्ड तयार झाले. संगणकाच्या पोटात बसवायचे हे कार्ड फार चतुर होते. मूळ इंग्रजी कार्यक्रमांत काहीही बदल न करता, त्यांच्या आणि पडद्याच्या मधे उभे राहून ते अक्षरांना भारतीय लिपीचे रूप देई. वर्डस्टार किंवा डीबेस यांना आपण मराठी वा तमिळ मजकूर हाताळत आहोत याचा पत्ताही नसे. या साऱ्यामागची संकेतपद्धती म्हणजे ‘इस्की’. १९८३ व १९८८ च्या आवृत्त्यांनंतर १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला आयएस १३१९४ हे प्रमाणरूप दिले. तिच्यामागचा विचार मला आजही सुंदर वाटतो. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांत वर्णमालेचा क्रम समान आहे, म्हणून ‘क’ला सर्व लिप्यांत एकच क्रमांक, १७९. तो देवनागरीत दाखवायचा की कन्नडमध्ये की बंगालीत, हे पडद्याने ठरवायचे. युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली गेली. म्हणजे तुम्ही हा मजकूर वाचत आहात त्या अक्षरांचा क्रमही त्याच वंशातला आहे.

आता ‘मराठी’ हा शब्द घ्या. १९९१ च्या इस्कीत तो २०४, २०७, २१८, १९०, २२० असे पाच आकडे होतो. आजच्या संगणकाला ही फाइल दिली तर तो हे आकडे युरोपीय समजतो आणि टिंबे-रेघा मिरवणारी लॅटिन अक्षरे दाखवतो. इस्की निदान प्रमाणित आणि प्रकाशित आहे, त्यामुळे तिचे रूपांतर करता येते. मात्र फाइल कोणत्या आवृत्तीची हे आधी ओळखावे लागते. तिच्यापाठोपाठ विंडोजवर जे फाँट आले त्यांनी अक्षराऐवजी अक्षराच्या तुकड्यांना क्रमांक दिले, काना वेगळा, अर्धा वर्ण वेगळा, आणि प्रत्येक फाँटचे कोष्टक निराळे. नव्वदच्या दशकात अशा रीतीने टंकलेली पुस्तके, कोश, नियतकालिके, कार्यालयीन नोंदी यांच्या फाइली कोणत्या फाँटमध्ये आहेत हे कळले नाही, तर त्या फ्लॉपीवर असूनही नसल्यासारख्याच. छापील प्रत उरली असेल तर ठीक. जी छापलीच गेली नाही, उदाहरणार्थ अपूर्ण शब्दकोश, बोलीभाषेची नोंद किंवा लेखकाचा पहिला खर्डा, तिचे काय?

त्या काळचा चालता संगणक, त्यातले कार्ड आणि फाँट शाबूत असतील, तर ही कोडी एका सायंकाळी सुटतात. फाइल उघडायची, पडद्यावर वाचायची, कोष्टक ताडायचे. अडथळा पुन्हा एका क्षुल्लक भागाचा. २८६-३८६ च्या मदरबोर्डावर घड्याळ व रचना लक्षात ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची एक दंडगोल बॅटरी सोल्डर केलेली असते. ती वर्षांनंतर फुटते, आतला क्षार बोर्डावर पसरतो आणि तांब्याच्या रेघा हिरव्या होऊन कुरतडल्या जातात. सुरुवातीलाच सापडले तर साध्या व्हिनेगरने क्षार मारता येतो, मग अल्कोहोलने पुसून तुटलेल्या रेघा बारीक तारेने जोडता येतात. उशीर झाला तर बोर्ड गेला. बॅटरी आजच काढून टाकली, तर संगणक तारीख व रचना विसरेल, बाकी काही बिघडणार नाही. कपाटात बंद पडून असलेले संगणक सुरक्षित आहेत असे आपण मानतो. प्रत्यक्षात तेथे ही बॅटरी रोज थोडीथोडी पाझरत असते.

इकडे कपाटाबाहेरची व्यवस्थाही त्यांच्या मुळावर आलेली आहे. सरकारी शाळा वा कार्यालयातील यंत्राचे निर्लेखन झाले की ते वजनावर विकले जाते. जुन्या सिरॅमिक चिपांत सोने असते, म्हणून भंगारवाल्याला नव्या संगणकापेक्षा जुना अधिक प्रिय. ई-कचऱ्याचे नियम आवश्यकच आहेत, त्यामागे विषारी धातूंचा आणि ते हाताळणाऱ्या मजुरांच्या आरोग्याचा प्रश्न आहे; माझा त्यांना विरोध नाही. पण निर्लेखनाच्या अर्जात ‘यंत्राची किंमत किती उरली’ असा रकाना असतो, तसा ‘त्यात काय साठवलेले आहे आणि त्याची प्रत घेतली का’ असाही एक असायला काय हरकत होती?

मोहालीकडे परत जाऊ. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी तेथील कारखान्याला मोठी आग लागली आणि भारतीय चिपनिर्मितीची कित्येक वर्षे त्या आगीत गेली. त्या आगीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिकडे केंब्रिजमध्ये २६ एप्रिल १९८५ रोजी अकॉर्नच्या पहिल्या ‘आर्म’ प्रोसेसरची चाचणी झाली ती बीबीसी मायक्रोलाच जोडून. आज तुमच्या हातातल्या फोनमध्ये त्याच आर्मचा वंशज आहे. ज्या यंत्राने आर्मला पहिला श्वास दिला, त्याच्याच जातीचे यंत्र भारतातल्या शाळांत हजारोंनी होते, आणि त्याची मोहालीतली आवृत्ती आज पाहायला मिळणेही दुर्मीळ झाले आहे.

म्हणून वाचकांना, विशेषतः जुन्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना, एक विनंती. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, ग्रंथालयाच्या माळ्यावर, छापखान्याच्या कोपऱ्यात जाड कळफलकाचा मळकट पिवळा संगणक दिसला, तर आधी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि मागच्या पट्टीवरचे नाव व क्रमांक टिपून ठेवा. सोबतच्या कॅसेटी, फ्लॉप्या, पुस्तिका, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याच्यापासून वेगळ्या करू नका. मदरबोर्डावर गोल बॅटरी असेल तर ती जाणत्याकडून कापून घ्या. आणि वीजपुरवठ्यातले ते दोन कपॅसिटर बदलून होईपर्यंत प्लग लावू नका.